शनिवारची नोंद

परबकाका, वहीतलं शनिवारचं पान अजून कोरं आहे. वर तारीख माझ्या अक्षरात आहे, खाली नुसत्या रेघा. तुमचा नियम होता की बिघाड ज्या दिवशी झाला त्याच दिवशी, घरी निघायच्या आधी, तो वहीत उतरला पाहिजे. आज सोळा दिवस झाले. तुम्ही असता तर एव्हाना वही माझ्या कीबोर्डवर उघडी ठेवून, शेजारी खुर्ची ओढून बसला असता, आणि माझं लिहून होईपर्यंत चहासुद्धा मागवला नसता.

यार्डात तुमची शोकसभा झाली. कँटीनमध्ये, टेबलं बाजूला सरकवून. शेठ चांगलं बोलले. म्हणाले, जासईच्या या धुरळ्यात, कंटेनरच्या थप्प्यांमध्ये बसून अख्खं ऑफिस लिनक्सवर आणणारा माणूस, वेळेचा पक्का, निवृत्त होऊन वर्ष झालं तरी फोनवर हजर. 'फोनवर हजर' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की मला तसं वाटलं, देव जाणे. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. वहीचं नाव मात्र कोणी काढलं नाही. म्हणून ते मी काढते.

लाल पुठ्ठ्याची लांब वही. पहिल्या पानावर तुमच्या तिरक्या अक्षरात चार ओळी: काय केलं, काय दिसलं, का झालं, काय बदललं. खाली सही. ज्याच्या हातून बिघडलं त्यानेच लिहायचं. आणि त्याच्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य, की वहीत लिहिलेल्यावर कोणी ओरडायचं नाही. एकदा शेठनी वही मागितली होती, कोण किती चुका करतं ते त्यांना बघायचं होतं. तुम्ही वही डब्याच्या पिशवीत घालून उलव्याला घरी नेली आणि सांगितलं की हरवली. पंधरा दिवसांनी ती सापडली. आयुष्यात तेवढंच एक खोटं बोललात बहुतेक, आणि तेही इतकं वाईट बोललात की शेठ हसून गप्प बसले.

तुमच्या स्वतःच्याही नोंदी आहेत तिच्यात. 'प्रिंटर चालेना म्हणून अर्धा तास ड्रायव्हर शोधला. प्रिंटरची पिन बोर्डात नव्हती. पिन लावली. परब.' ही नोंद मी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली होती. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात की बाय, यातून शिक काहीतरी.

मी काय शिकणार. सगळ्यांत जास्त नोंदी माझ्या. मी मुळात गेटवरची. जिथे आता कंटेनर रचलेत तिथे आमची खाचरं होती, त्यामुळे आबांनी खटपट करून आपल्या पोरीला यार्डात चिकटवलं, गेटवरच्या पत्र्याच्या खोलीत, आल्यागेल्या ट्रेलरचे नंबर रजिस्टरात लिहायला. सहा वर्षं तिथे बसले. तुम्ही मला आत आणलंत. म्हणालात, हिला नंबर पाठ राहतात, हिला उन्हात कशाला ठेवता. तुम्ही मला पहिल्याच दिवशी 'बाय' म्हणालात आणि मला वाटलं की हा माणूस आमच्यातलाच. निघालात मालवणकडचे. मग बांगड्यावरून भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, तिरफळ नसेल तर तो बांगडा कसला. माझं म्हणणं, तिरफळ घातलं की बांगडा कशाला, नुसतं तिरफळच खा. हे भांडण आठ वर्षं चाललं आणि मिटलेलं नाही. मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

नंबर पाठ राहायचे, पण वाचायचा मला भारी कंटाळा. स्क्रीनवर काही आलं की ते काय आहे हे कळायच्या आधी माझं बोट एंटरवर. एकदा असंच संगणकाने काहीतरी विचारलं, मी एंटर दाबलं, आणि महिन्याभराचं गेट-रजिस्टर उडालं. तुम्ही तीन तास बसून ते परत आणलंत. ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पासवर्ड टाकला तर स्क्रीनच्या मधोमध एक पाटी: 'बाय, आधी वाच. मग आत ये.' खाली ओकेचं बटन. ते दाबल्याशिवाय पुढचं काही उघडेचना. सगळे हसले. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग सवय झाली. पासवर्ड, एंटर, पाटी, एंटर. तीन वर्षं रोज.

आता शनिवार.

लिनक्सची नवीन आवृत्ती आल्याची सूचना महिनाभर स्क्रीनच्या कोपऱ्यात येत होती. मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दसऱ्याला यार्ड बंद असेल, मी येतो, आधी सगळ्याची कॉपी घेऊ आणि मग शांतपणे करू. तोवर हात लावू नकोस. मी वाद घातला. म्हटलं, वर्षभर मी एकटी सांभाळतेय, एवढं तर मलाही येतं. तुम्ही म्हणालात, येतं तुला सगळं, वाचत नाहीस. ते मला लागलं. इतकं लागलं की शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना मी अपग्रेडचं बटन दाबलं, मशीन चालू ठेवलं आणि पर्स उचलून निघाले. कॉपी घेतली नाही. निघायच्या आधी जे जे विचारलं गेलं त्याला न वाचता हो म्हणत गेले. सोमवारी तुम्हाला फोन करून सांगणार होते की बघा, झालं.

शनिवारी सकाळी मशीन उभं राहिलं. लॉगिनचा पडदा नवा, सुंदर दिसत होता. मी पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत तोच लॉगिनचा पडदा समोर. पासवर्ड चुकला असता तर तसं म्हणाला असता. काहीच म्हणत नव्हता. दाराशी ओळख पटवून घ्यायची, आत घ्यायचं आणि लगेच बाहेर काढायचं, असं चाललं होतं. चारदा केलं, पाचव्यांदा मशीन बंद करून चालू केलं. तेच. गेट-पासचा प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनवर. बाहेर तेवीस ट्रेलर रांगेत, न्हावा शेव्याच्या बंदरात दोन वाजता त्यांच्या बोटीचं गेट बंद होणार, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेले. शेठ दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही नेहमी म्हणायचात, एक दिवस मुद्दाम फोन उचलणार नाही, बघू काय करतेस. मी म्हणायचे, उचलाल. दुसऱ्या रिंगला उचललात.

मी म्हटलं, काका, अपग्रेड आपोआप झालंय. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. तुम्हाला कळलं होतं. आपोआप होत नाही ते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. पण तुम्ही ते तिथेच सोडलंत आणि विचारलंत, काय दिसतंय ते वाच.

मग आपली नेहमीची शिकवणी सुरू झाली. तुम्ही तीन बटनं एकदम दाबायला सांगितलीत आणि चित्रांचा पडदा जाऊन काळा पडदा आला, नुसत्या अक्षरांचा. तिथे नाव आणि पासवर्ड टाकला तर मशीनने मला आत घेतलं. मी आनंदाने ओरडले. तुम्ही म्हणालात, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, तुझं घर जागेवर आहे, फक्त दिवाणखान्याचं दार लागत नाहीये. मग एकेक करत आपण बघत गेलो. डिस्क भरलीय का, ते पाहिलं. जागा होती. माझ्या फाइली चुकून दुसऱ्याच्या नावावर गेल्यात का, ते पाहिलं. सगळ्या माझ्याच नावावर होत्या. तुम्ही एकेक शब्द सांगत होतात, मी टाईप करत होते, आणि एंटर दाबायच्या आधी परत वाचून दाखवायला लावत होतात. माझा जीव घड्याळात अडकलेला. दर वेळी वाटायचं, वाचून काय दाखवायचंय, दाबू दे ना.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब गो, डावा हात भरून आलाय. फोन दुसऱ्या हातात घेतो."

मी घड्याळ पाहिलं. दोनला किती वेळ उरलाय ते मोजायला. साडेअकरा झाले होते. मी म्हटलं, "घ्या काका, पण आधी सांगा, पुढे काय टाईप करू?"

तुम्ही सांगितलंत.

काका, सगळे म्हणतात, तुला काय माहीत असणार. डॉक्टरही काकूंना तसंच म्हणाले म्हणे, फोनवर कोणाला कळतं. मीही सगळ्यांना सांगते की मला कळलं नाही. ते खरं नाही. ज्या पत्र्याच्या खोलीत मी सहा वर्षं बसले, तिच्या भिंतीवर ड्रायव्हर लोकांसाठी लावलेलं एक पोस्टर होतं. हार्ट अटॅकची लक्षणं. डावा हात दुखणं किंवा जड होणं, घाम, छातीत जळजळ, खाली तातडीने दवाखाना गाठा. मी आयुष्यात काही नीट वाचलं नसेल, पण ते पोस्टर मी वाचलेलं आहे. रोज, समोर दुसरं काही नसायचं म्हणून. तुम्ही हात म्हणालात तेव्हा ते पोस्टर माझ्या डोळ्यासमोर आलं. अगदी आलं. आणि मी ते बाजूला केलं, जसं त्या पाटीवर ओके दाबायचे तसं.

थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, पंखा लावूनही घाम सुटलाय, छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल सकाळपासून. मी सोडा प्या म्हटलं. तुम्ही पाणी घ्यायला उठलात, मला थांब म्हणालात. भांडं पडल्याचा आवाज आला. मी विचारलं नाही काय पडलं. मी तेवढ्यात शेठना खुणेने सांगत होते की होतंय, होतंय, दहा मिनिटं. तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा श्वास मला ऐकू येत होता. आणि तुम्ही विचारलंत, कुठपर्यंत आलो होतो गो आपण.

मग तुम्ही मशीन स्वतः लिहून ठेवतं तो चुकांचा लॉग उघडायला सांगितलात. पानभर अक्षरं आली. मी खालची शेवटची ओळ वाचली. तुम्ही म्हणालात, शेवटची नको, जिथून बिनसायला सुरुवात झाली ती ओळ वाच. मी वर गेले, परत खाली आले, वैतागले, म्हटलं, काही कळत नाही, तुम्हीच सांगा काय ते. तुम्ही मला ती यादी अक्षर न् अक्षर वाचायला लावलीत. बारा-तेरा ओळी. मी भरभर वाचत होते आणि तुम्ही 'हळू' म्हणत होतात. सातव्या ओळीवर तुम्ही म्हणालात, थांब, हीच.

टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल होती. लॉगिन झाल्यावर, खिडक्या उघडायच्या आधी चालणारी. मी ती उघडली. आत तुमची पाटी होती. 'बाय, आधी वाच. मग आत ये.' ती पाटी दाखवणारा जुना प्रोग्रॅम अपग्रेडने काढून टाकला होता. आणि तुम्ही तीन वर्षांपूर्वी, मी पाटी चुकवू नये म्हणून, पुढे एक शब्द लिहून ठेवला होता, की पाटी दिसली नाही तर बाहेर पड. मशीन तेच करत होतं. पाटी दाखवायला जायचं, दाखवता यायची नाही, आणि मला बाहेर काढायचं.

तुम्ही हसलात. खूप हळू, पण हसलात. म्हणालात, "माझीच चूक गो, बाय."

मी म्हटलं, नाही, अपग्रेड मी केलं. पहिल्यांदा खरं बोलले. आपोआप नाही झालं काका, मी केलं, काल संध्याकाळी. तुम्ही म्हणालात, अपग्रेड करणं ही चूक नाही, घाई ही चूक. पण असली गंमत सिस्टीममध्ये घालून विसरून जाणं ही त्याहून मोठी चूक. मग वहीत कोणी लिहायचं यावरून आपण भांडलो. खरंच भांडलो, त्या अवस्थेत. मी म्हणत होते मी लिहिते, तुम्ही म्हणत होतात माझ्या हातची फाइल, माझी नोंद. शेवटी तुम्ही म्हणालात, सोमवारी येतो यार्डात, मीच लिहितो, दोघांनी सही करू. ते पान तेव्हापासून तुमची वाट बघत होतं, असं मी स्वतःला सांगत आले.

ती चालूच होऊ नये म्हणून फाइलचं नाव बदललं. चित्रांच्या पडद्यावर परत आले. पासवर्ड टाकला, एंटर. डेस्कटॉप उघडला.

तुम्ही विचारलंत, "आलीस आत?"

मी म्हटलं, "आले."

तुम्ही म्हणालात, "बरं झालं. ठेवतो गो. जरा पडतो."

मी थँक्यू म्हटलं नाही. पासेस छापायला लागले होते. फोनने कॉलची वेळ दाखवली, एक तास बारा मिनिटं.

एक वाजता प्रिंटर अडला आणि मी तुम्हाला परत फोन केला. लागोपाठ तीनदा. तुम्ही उचलला नाहीत. मला वाटलं झोपलात, आणि मी शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं काहीतरी बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तेवीसच्या तेवीस ट्रेलर वेळेत गेले. बोट चुकली नाही. चार वाजता तुमच्या नंबरवरून फोन आला, मी उचलून म्हटलं, काका, किती फोन करायचे तुम्हाला. पलीकडे तुमच्या समोरच्या फ्लॅटमधले होते.

दुसऱ्या दिवशी, तुम्हाला पोचवून आल्यावर, सोमवारची वाट न बघता मी यार्डात गेले. रविवार होता, कोणी नव्हतं. ती फाइल परत उघडली, नीट बघायला. शनिवारी मी वरच्या चारच ओळी पाहिल्या होत्या. खाली आणखी होत्या. साठ-पासष्ट वाक्यं, आणि रोज त्यातलं एक उचलून पाटीवर टाकायची सोय. तीन वर्षं रोज वेगळं वाक्य येत होतं. मी एकही वाचलं नव्हतं. पहिल्या दिवशी जे वाचलं तेच रोज असतं असं धरून एंटर मारत आले.

'आबांच्या गुडघ्याचं काय झालं?' 'शेठ ओरडला तर ओरडू दे, त्याला बीपी आहे.' 'सुक्या करंदीचा डबा पंख्याखाली उघडू नकोस, लोक जेवायचे आहेत.' 'आज वहीत तुझी नोंद नाही, पेढे दे.' 'चष्म्याचा नंबर तपासून घे, स्क्रीनला नाक लावून बसतेस.' एक होतं, 'मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय, हे तुला अजून कोणी सांगितलेलं नाही.' निवृत्तीची बातमी मला शेठकडून कळली तेव्हा मी तुमच्यावर किती चिडले होते, आठवतं? मी म्हणाले होते, मला आधी सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला. तुम्ही म्हणालात, सांगितलं होतं. मला वाटलं टाळताय. तेव्हाही भांडून मी दोन दिवस बोलले नव्हते. ते भांडण मी हरले, काका. कळवते.

दहाव्याला काकूंनी मला विचारलं. तुमचा फोन त्यांच्या हातात होता. म्हणाल्या, "शेवटचा फोन तुझा दिसतो गो. सव्वा तास. काय बोलत होते?"

मी म्हटलं, "असंच. कामाचं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, त्या बाजारात होत्या, फोन लावत होत्या तर सारखा बिझी येत होता. मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेले.

घरी आबांना सांगितलं. सगळं, पोस्टरसकट. आबा फार बोलत नाहीत, आणि मला वाटलं होतं ते तरी म्हणतील की तुझी चूक नाही. ते म्हणाले, "तिला जाऊन सांग. तो मानूस तुला चुकी लिवायला शिकवून गेला, आनि तू लपवत हाईस?" मी रागावले. मग रडले. मग दोन दिवस तारीख घातलेलं पान उघडून बसले.

काल लिहिलं. नाही, वहीत नाही. एका साध्या कागदावर आधी उतरवलं. आज सकाळी कागद आणि वही दोन्ही घेऊन उलव्याला आले. सुरुवातीला पान कोरं आहे म्हटलं ते यामुळे. हे पत्र मात्र मी तुमच्या सोसायटीच्या बाकावर बसून लिहितेय, वर जायचा धीर होईना म्हणून. इथून तुमची खिडकी दिसते, पडदा अर्धा ओढलेला. आता वर जाते.

जाऊन आले. तेही लिहिते.

काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, मी खोटं बोलले होते. त्यांच्यासमोर जेवणाच्या टेबलावर बसून कागदावरून वहीत उतरवलं. काय केलं: मनाई असताना, कॉपी न घेता, घाईने अपग्रेड केलं. बंद पडल्यावर परबकाकांना फोन केला आणि बहात्तर मिनिटं बोलत ठेवलं. काय दिसलं: लॉगिन होऊन परत बाहेर. साडेअकराला काका म्हणाले डावा हात भरून आलाय. मग घाम. मग जळजळ. मला अर्थ कळला होता. का झालं: फाइलमधल्या जुन्या ओळीमुळे लॉगिन होत नव्हतं. बाकीचं माझ्यामुळे. काय बदललं: फाइलचं नाव. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा लावला. तुमच्यासारखंच वाचलं, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. वाचून झाल्यावर पहिल्या पानावर गेल्या, तुमचं अक्षर बघितलं, बोटाने त्या अधोरेखित वाक्याखालून एकदा रेघ ओढल्यासारखं केलं. मग परत शनिवारवर आल्या.

"साडेअकरा नक्की?"

"हो. घड्याळ बघितलं होतं."

"मी पावणेएकला घरी आले, तेव्हा ते गेलेले होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे सव्वा तास होता." मग म्हणाल्या, "समोरच्यांची गाडी खालीच उभी होती."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि पेन वर ठेवलं.

"हे पण लिही."

मी लिहिलं. सव्वा तास होता. गाडी खाली उभी होती. सही केली. शेजारी तुमच्या सहीची जागा सोडली, आपलं तसं ठरलं होतं म्हणून. काकूंनी तेही बघितलं, वही मिटली आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. ओरडल्या नाहीत.